दहिफळे सरांचे सतरा एक

दहिफळे सर गेल्याचं मला मोबाईलवर कळलं, आणि ज्यानं कळवलं त्याला मोजता येत नव्हतं. मी पैठण गेटजवळच्या दुकानात चष्म्याची दांडी बसवून घेत उभा होतो. तेवढ्यात सरांच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग सुरू झाली. सगळ्यात वर एक काळा चौकोन, त्यात सरांचा जुना फोटो, खाली 'गणिताचा दीपस्तंभ मावळला' अशी ओळ, (दीपस्तंभ मावळत नसतो, पण दुःखाच्या घाईत एवढं कोण बघतो), आणि त्याच्याखाली सोनेरी आकड्यांत सरांची ती संख्या. एक, एक, एक, एक... चष्मा दुकानदाराच्या हातात होता म्हणून फोन नाकाला टेकवून मी एकेक आकडा मोजला. अठरा भरले. परत मोजले, तरी अठराच. ज्या माणसानं सगळी हयात सतरा एकांपुढं बसून घालवली, त्याला निरोप देताना या लोकांनी एक एक जास्तीचा चिकटवला होता. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे आज संध्याकाळी दहिफळेंना दाखवायचं, तासाभराची करमणूक होईल. दुसरा विचार यायला वेळ लागला. दुकानदारानं दोनदा हाक मारली तेव्हा मी भानावर आलो.

ज्यांना ही संख्या माहीत नाही त्यांचं आजवर काही अडलेलं नाही, पुढंही अडणार नाही. सतरा वेळा एक लिहायचा, शेजारीशेजारी. झाली संख्या. परार्धाच्या एक पायरी खाली तिचं घर. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो, सदतीस वर्षं मी पोरांना बरण्या आणि केळी काढायला शिकवलं, तेव्हा माझ्या नजरेला त्या संख्येत कुंपणाच्या सतरा काठ्यांपलीकडं कधी काही दिसलं नाही. दहिफळेंना मात्र तिच्यात एक प्रश्न दिसत होता. एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कुठल्या संख्येनं तिला पूर्ण भाग जातो का? बस्, एवढाच. पाच एकांना एक्केचाळीसनं भाग जातो. सात एकांना दोनशे एकोणचाळीसनं. अकरा एकांनी त्यांना तरुणपणी चार महिने छळलं आणि मग एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासपुढं मान टाकली. तेरा एक तर त्रेपन्नालाच फुटले, त्याबद्दल ते तेरा एकांना कायम कमी लेखत. मधल्या बारा, चौदा, पंधरा, सोळा एकांची त्यांनी दखलही घेतली नाही, कारण एकांची गिनतीच जिथं फुटते तिथं संख्याही फुटते, आणि ते कळायला डोकं लागत नाही असं त्यांचं मत. मग आले सतरा एक. तिथं गाडी थांबली ती थांबलीच.

दहिफळे पाचोडजवळच्या एका खेड्यातले. घरी शेती, मोसंबीची बाग, दोन धाकटे भाऊ ती बघायचे. हे एकटे शिकून शहरात आले आणि आमच्या शाळेत गणिताला लागले. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये मी त्यांना चहा विचारला. ते म्हणाले, घेतो, पण चित्रकला हा विषय आहे असं मला पटलेलं नाही. मी म्हणालो, मला गणित हा धंदा आहे असं पटलेलं नाही. तिथून आमची मैत्री जमली. जगात तुच्छ मानण्यासारखं भरपूर आहे याबद्दल आमचं एकमत होतं, फक्त यादीचा क्रम वेगळा होता. त्यांच्या यादीत सम संख्या फार वरती होत्या. सम संख्येला दोननं भाग जातो हे तिच्या तोंडावरच लिहिलेलं असतं, तिच्यात बघायचं काय? नऊ एकांना नऊ एकांनीच गुणलं की एकपासून नऊपर्यंत चढून परत एकपर्यंत उतरणारी संख्या येते, हे कुणी कौतुकानं सांगायला आलं तर ते त्याला जत्रेतली गंमत म्हणायचे आणि तिकीट किती असं विचारायचे. गाडीच्या नंबरसाठी पैसे मोजणारे, लग्नाच्या तारखेची बेरीज करणारे, नावात एक अक्षर वाढवून नशीब फिरवणारे, या सगळ्यांसाठी त्यांचा एकच शब्द होता. तो इथं छापता येणार नाही.

सतरा एकांवर त्यांनी जी पद्धत बसवली होती तशी मी दुसऱ्या कुठल्या शाळेत पाहिली नाही. त्यांनी एवढं शोधून ठेवलं होतं, की या संख्येला भागणारी संख्या असलीच तर ती चौतिसाच्या कुठल्यातरी पटीपेक्षा बरोबर एकानं मोठी असणार. म्हणजे त्यांतल्या स्वतःच फुटणाऱ्या गाळून एकशे तीन, एकशे सदतीस, दोनशे एकोणचाळीस अशी चाळत जायची, आणि एकेक भागून बघायची. या हजारो संख्या एकट्यानं कशा भागणार? तर त्यांनी दरवर्षी नववीच्या पोरांना कामाला लावलं. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येकाला एक भाजक मिळायचा. तो त्याचा भाजक. सुट्टीत त्यानं सतरा एकांना त्या भाजकानं कागदावर भागायचं आणि बाकी किती उरली ते घेऊन यायचं. शिवाय एक भाजक दोघांना द्यायचा, एक मुलांच्या तुकडीत आणि एक मुलींच्या, आणि कोणाचा जोडीदार कोण हे सांगायचं नाही. दोघांची बाकी जुळली की सर तो भाजक खोडून टाकायचे. नाही जुळली तर दोघांनाही एकच वाक्य ऐकायला मिळायचं, 'पुन्हा कर.' दोन आळशी मिळून एकच चूक करत नाहीत, असं त्यांचं गणित होतं. मुलांवर विश्वास नव्हता, या हिशेबावर होता.

आता या शहरात अशी माणसं पसरलेली आहेत ज्यांना स्वतःचा रक्तगट आठवत नाही पण नववीतला भाजक पाठ आहे. गुलमंडीत कापड फाडणारा एक जण मला बघितलं की अजून स्वतःची बाकी म्हणून दाखवतो. यात गणिताचं प्रेम आहे असा कुणी गैरसमज करून घेऊ नये, ती भीती आहे. वर्गात चूक घेऊन गेलं की दहिफळे काय करायचे ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं. एका वर्षी गणेश नावाचा एक मुलगा शून्य घेऊन आला. म्हणजे भाग गेला, संख्या फुटली. दहिफळेंनी त्याला फळ्यापुढं उभं केलं आणि वर्गाला म्हणाले, 'ह्यानं शोधलाय. इतक्या वर्षांत इतक्या पोरांना जे जमलं नाही, ते ह्यानं दिवाळीचा फराळ करता करता केलं.' मग त्याच्याकडून सगळा भागाकार सगळ्यांसमोर करून घेतला. तिसऱ्या पायरीला हातचा घ्यायचा राहिला होता. वर्ग हसला, सर हसले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. 'शून्य आणणारे लई येतात,' ते म्हणाले. 'पुन्हा कर.' गणेशला दहावी होईपर्यंत पोरं शून्या म्हणत होती. त्यानंतर दहिफळेंकडं कुणी शून्य आणलं नाही. त्याचा त्यांना मोठा अभिमान होता, पोरं आता काळजीपूर्वक काम करतात म्हणायचे.

कुणी विचारेल, की हल्लीच्या दिवसांत या गोष्टीसाठी एवढा खटाटोप कशाला? वाळूजच्या कारखान्यातला एक इंजिनिअर, शेजारीच राहायचा, त्यानं व्हरांड्यात बसल्याबसल्या खिशातून फोन काढून तेच विचारलं होतं. सर, एका सेकंदात सांगतो, म्हणाला. दहिफळेंनी त्याला चहा संपवू दिला आणि मग फाटकापर्यंत सोडून आले. परत आल्यावर मला म्हणाले, जगात कुणालातरी उत्तर ठाऊक असणारच, त्याचं मला काय? दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं खाऊन माझं पोट भरणार आहे का? त्या व्हरांड्यात मग फोन बाहेर काढायचा नाही असा नियम झाला. मी तो पाळला. नियमाचा आदर होता म्हणून नव्हे, मला त्या उत्तराशी खरोखरच काही देणंघेणं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर पोरं गेली आणि ते एकटेच भागू लागले. सिडकोतल्या त्या घराच्या व्हरांड्यात भिंतीवर फळा, समोर वेताची खुर्ची. फळ्याच्या वरच्या कडेला सतरा एक. ते पुसट झाले की खंडेनवमीला नवे लिहायचे, घरातल्या विळी-पक्कडीबरोबर फळ्यालाही हळदकुंकू लागायचं. ते सुमनवहिनी लावायच्या, आणि लावताना एवढंच म्हणायच्या, की हे एक हत्यार असं आहे ज्यानं आजवर काही कापलं गेलं नाही. वहिनी पाचोडच्याच. दहिफळेंच्या तोंडाला त्या घरात एकच औषध होतं, ते म्हणजे वहिनींचं तोंड. मी रोज सहाला जायचो. आम्ही दोघं मिळून शहराची, सरकारची, नव्या शिक्षकांची, जुन्या शिक्षकांची आणि एकमेकांची यथेच्छ निंदा करायचो. मधूनमधून ते उठून फळ्यावर दोन पायऱ्या भागायचे आणि परत खुर्चीत येऊन निंदेत सामील व्हायचे. याहून चांगल्या संध्याकाळी माझ्या आयुष्यात आल्या नाहीत. त्या पुन्हा येणार नाहीत हे मला अजून नीट मान्य करता आलेलं नाही.

जायच्या आदल्या संध्याकाळी ते बोलत नव्हते. मी नेहमीप्रमाणे दोनचार विषय टाकून पाहिले. रस्त्यावरचं त्यांच्याच एका विद्यार्थ्याचं पोस्टर, त्यात तो हाताची घडी घालून उभा... एरवी यावर अर्धा तास निघाला असता. ते फळ्याकडं बघत बसले होते. तीस लाखांच्या पुढं गेले होते तेव्हा. मग एकदम म्हणाले, 'मास्तर, मागं कुठं हुकलो असेन का मी?' मी म्हणालो, हुकायला तुम्ही माणूस थोडेच आहात. ते हसले नाहीत. 'एक हुकला असला,' ते म्हणाले, 'तर त्याच्या पुढची सगळी वर्षं फुकट. फुकट गेली तरी चालतील. पण मग त्या संख्येबद्दल मी लोकांना काय सांगितलं हे विचारा. मी कधी म्हणालो का, भाग जात नाही म्हणून? मी म्हणालो, सापडला नाही. तेवढं ध्यानात ठेवा.' मी शेंगा सोलत होतो, ठेवतो म्हणालो. सकाळी ते त्याच खुर्चीत गेले, वहिनी पाणी घेऊन आल्या तोवर संपलं होतं.

शोकसभा सिडकोतल्या एका मंगल कार्यालयात झाली. व्यासपीठाच्या मागं लग्नाची फुलं तशीच होती, पहिली रांग नगरसेवकांनी भरली होती आणि त्यांतल्या एकाही माणसाला सरांनी शिकवलेलं नव्हतं. मुख्य वक्ता प्रीतम काळे. हा तोच पोस्टरवरचा. जालना रोडवर त्याच्या क्लासची काचेची इमारत उभी राहते आहे. पोरांना तो काय शिकवतो ते मला माहीत नाही, पण पालकांना घाबरवायला तो फार छान शिकला आहे. काळ्या चौकोनातले अठरा एक त्याचेच. तो माईकवर आला, रुमालानं डोळे टिपले, रुमालाची घडी मोडलेली नव्हती. मग म्हणाला की दहिफळे सरांनी जगाला दाखवून दिलं की या संख्येला कुणीही भागू शकत नाही. सर अविभाज्य होते, त्यांचे संस्कार अविभाज्य आहेत, आणि आपण सगळे अविभाज्य आहोत. टाळ्या. मग त्यानं स्वतःचा भाजक सांगितला, वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस, बाकी चार. सरांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीची ही दिवाळी, दिवाळीनंतर सरांनी माझी पाठ थोपटली होती म्हणाला. दहिफळेंनी कुणाची पाठ थोपटल्याचं मी सदतीस वर्षांत पाहिलं नाही, पण मेलेल्या माणसाचे हात कसेही हलवता येतात. शेवटी घोषणा. नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर पितळी आकड्यांत सतरा एक बसवणार, आणि खाली, 'अविभाज्य : दहिफळे सरांचा शोध.' पुन्हा टाळ्या.

मी वहिनींकडं पाहिलं. त्या पहिल्या रांगेच्या कडेला बसल्या होत्या, पदर डोक्यावर, तोंडावर काहीच नाही. मला संताप आवरत नव्हता. ज्या माणसानं 'नाही' आणि 'सापडला नाही' यांतला फरक आयुष्यभर जपला, ज्यानं आदल्या संध्याकाळी तेवढीच एक गोष्ट ध्यानात ठेवायला सांगितली, त्याच्या नावावर हे लोक पितळेत खोटं ठोकणार होते. सभेनंतर मी प्रीतमला गाठून सांगितलं. सरांनी असं कधी म्हटलं नाही, तो शब्द काढ. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. सर, तुम्ही चित्रकलेचे ना, म्हणाला.

पुढच्या रविवारी मी सहाला व्हरांड्यात गेलो. सवय मोडता येत नाही, आणि वहिनींनी चहा टाकायची सवय मोडलेली नव्हती. तिथं एक बाई बसली होती. चाळिशीच्या आतली, डोक्यावर ओढणी, पायाशी पिशवी. नसरीन. बिडकीनला नवऱ्याबरोबर बियाण्यांचं दुकान चालवते, सभेला आली होती, शेवटच्या रांगेत होती म्हणून मला दिसली नव्हती. माझ्या तासाला ती मांजरं फार छान काढायची, ते मला आठवलं. तिला ते आठवत नव्हतं. बराच वेळ ती वहिनींशी घरचं बोलत राहिली, आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाली, 'सर, ते भिंतीवरचं अविभाज्य थांबवा. त्याला भाग जातो.'

मग तिनं सांगितलं ते असं. त्या वर्षी वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस हा भाजक मुलींच्या तुकडीत तिला मिळाला होता. तिनं तो एकदा भागला, शेवटी शून्य आलं. परत भागला, परत शून्य. अब्बांना विचारलं तर ते म्हणाले, सरांनी दिलंय म्हणजे त्यांना ठाऊक असेल. गणेशला शून्या म्हणतात हे तिनं थोरल्या भावाकडून ऐकलेलं होतं, तो त्याच वर्गात होता. 'तिसऱ्यांदा केलं,' ती म्हणाली. 'तिन्ही बार शून्यच. मला वाटलं, माझंच कायतरी लई चुकलंय, मला दिसत नाय. सर फळ्याजवळ उभं करतील. म्हणून शून्य खोडलं आणि चार लिहिला.' चारच का? तर चार तिला सुबक काढता यायचा. दिवाळीनंतर पाण्याच्या टाकीजवळ पोरं आपापला जोडीदार हुडकायची, सरांनी कितीही लपवलं तरी. तिचा जोडीदार निघाला प्रीतम. त्यानं भागाकार केलेलाच नव्हता. बाकी किती, विचारलं, हिनं चार सांगितलं, त्यानं चार लिहून दिलं. दोघांची बाकी जुळली. सरांनी तो भाजक खोडला आणि पुढं गेले.

इतकी वर्षं ती हेच धरून होती की चूक आपली होती. मंगल कार्यालयात माईकवरून 'बाकी चार' ऐकलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. तो चार कुठल्याच भागाकारातून आलेला नव्हता, तिनं नववीत भीतीनं काढलेला होता. घरी जाऊन दुकानातल्या पुठ्ठ्यावर तिनं चौथ्यांदा भागलं.

मला हसू येत होतं. दोन आळशी एकच चूक करत नाहीत... बरोबर आहे, पण एक घाबरलेली आणि एक लबाड मिळून करतात, आणि पोरांना घाबरवायचं काम दहिफळेंनी स्वतः, एकट्यानं, मन लावून केलं होतं. उत्तर त्यांच्या शाळेत, त्यांच्या तुकडीत, कोऱ्या कागदावर सुबक अक्षरात येऊन बसलं होतं. त्यांच्या टेबलापर्यंत यायची त्याची हिंमत झाली नाही. त्या दिवाळीनंतर ते वीस वर्षं फळ्यापुढं बसले आणि भागत राहिले. मला त्यांचा राग आला, इतका की ते समोर असते तर मी त्यांना चार शब्द सुनावले असते. ते समोर नव्हते याचाही राग आला. सगळ्या जगाला तुच्छ मानताना आम्हाला दोघांना फार मजा यायची. त्याचं बिल एका पंधरा वर्षांच्या पोरीनं भरलं, आणि तेही आम्हाला न सांगता.

मी तिथूनच प्रीतमला फोन लावला. फोन बाहेर काढू नये हा नियम त्या व्हरांड्यात मी पहिल्यांदाच मोडला. त्याला सगळं सांगितलं, त्याचा भाजक, तिचा चार. पलीकडं त्यानं घसा खाकरला. मला वाटलं, शरमला. मग तो म्हणाला, 'सर, आकडे बसवून झालेत. आणि कोण तिथं भागाकार करून बघायला येणार आहे?' हे वाक्य दहिफळे असताना त्यांना मिळालं असतं तर आम्हाला महिनाभर पुरलं असतं. त्यात त्याचं सगळं चरित्र आहे. हा लेख मी लिहिला तो मुख्यतः या वाक्यासाठी. जालना रोडनं जाणाऱ्यांनी ती भिंत जरूर बघावी, पितळ चांगलं आहे, आकडे या वेळी सतराच आहेत, मी मोजून आलो. आणि घरी गेल्यावर एक कागद घ्यावा, सतरा एक लिहावेत, त्यांना वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेविसानं भागावं. दहा पायऱ्या आहेत. चौथी पास माणसाचं काम आहे.

मी फोन ठेवला तेव्हा वहिनी उठून आत गेल्या होत्या. त्या खडूचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी तो नसरीनपुढं धरला.

'इथं कर,' त्या म्हणाल्या. 'मला बघायचंय कसं जातं ते.'

फळ्यावर वरच्या कडेचे सतरा एक तेवढे होते, खालचं सगळं त्यांनी दहाव्याआधीच पुसलं होतं. नसरीननं ओढणी खोचली आणि डाव्या बाजूला भाजक लिहिला. अक्षर अजून सुबकच होतं. पाचाचा भाग लागला, मग तिनाचा, मग सहाचा. प्रत्येक पायरीला ती वरचा एक एक खाली उतरवायची, ओठ हलायचे, वजाबाकी करायची. वेताच्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं, मी पायरीवर बसलो होतो आणि वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मधे तीन वेळा सलग दोनाचाच भाग लागला. फळा खालपर्यंत भरत आला तशी ती वाकून लिहू लागली. शेवटचा एक उतरवला. साताचा भाग. वरची रांग आणि खालची रांग, आठही आकडे तेच. मला गणितातलं काही कळत नाही, पण दोन सारख्या ओळी ओळखता येतात, तो माझा धंदा होता.

खाली रेघ मारून तिचा हात थांबला. खडू फळ्याला टेकलेला, पण पुढं सरकेना. बिडकीनमध्ये शेतकऱ्यांशी दिवसभर भांडणारी बाई, आणि तिची मान खांद्यात गेली होती, ती नववीतल्या मुलीसारखी उभी होती.

'लिही की गं,' वहिनी म्हणाल्या. 'आता कोण ओरडतंय.'

तिनं लिहिलं. छोटंसं शून्य, फळ्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात. लिहून झाल्यावर तिनं वळून खुर्चीकडं पाहिलं. वहिनींनीही पाहिलं. मीही पाहिलं, मला वाटलं होतं मी पाहणार नाही. तिघंही ते दोन शब्द ऐकायला थांबलो होतो. रस्त्यावरून भाजीची गाडी ओरडत गेली.

मग नसरीननं डस्टर घेतलं, वरचे सतरा एक सोडून सगळा फळा पुसला, आणि खडू बदलला.

'एकदा पुन्हा करते, सर,' ती म्हणाली. मला म्हणाली की खुर्चीला, मी विचारलं नाही. वहिनी दिवा लावायला आत गेल्या. फळ्यावर पहिला भाग पाचाचाच लागला.